मोटारीजवळ काढलेला जुना घरचा फोटो: साल कसं काढायचं, गाडी कुणाची ते कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा. घरात पोस्टकार्डाच्या आकाराचा एक फोटो सापडलाय. पणजोबा मोटारीत स्टिअरिंगमागे बसलेत, शेजारी पणजी, आणि पुढच्या चाकाला खेटून एक लहान मुलगा उभा आहे. मागे निळ्या पेनाने '१९१०' लिहिलंय. आजोबांचा जन्म १९१५चा. म्हणजे ते साल खरं असेल तर हा मुलगा आजोबा नव्हेत. मग तो त्यांचा थोरला भाऊ असणार, १९०६ला जन्मलेला आणि तरुणपणीच गेलेला. घरातली मंडळी मात्र 'हे आजोबाच' म्हणतात, आणि 'गाडी आपलीच होती' असंही सांगतात. खरं काय? आणि फोटो एआयने स्वच्छ करून रंगवून घ्यावा का?

जुने कौटुंबिक फोटो वाचणं, त्यांचं साल लावणं आणि ते जपणं हेच माझं काम आहे, आणि मोटारीसोबतचे फोटो त्यात सारखे येतात. आधी निकाल सांगते. फोटो १९१०चा असूच शकत नाही. मुलगा बहुधा तुमचे आजोबाच. गाडी तुमची होती का, ते या एका फोटोवरून ठरत नाही. रंगवायची घाई करू नका.

आता हे कशावरून, ते बघू.

फोटोतली गाडी फोर्डची मॉडेल टी आहे. ही गाडी १ ऑक्टोबर १९०८ला बाजारात आली आणि १९२७च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे जगभरच्या जुन्या अल्बमांत सगळ्यात जास्त भेटते ती हीच. 'मॉडेल टी आहे' एवढं कळून मात्र काहीच हाती लागत नाही, कारण एकोणीस वर्षांचा पल्ला उरतो. साल ठरतं ते बारकाव्यांवरून. १९१६च्या मॉडेलपर्यंत या गाडीचा रेडिएटर पितळेचा, कडा सरळ, कोपरे धारदार आणि फोटोत तो आरशासारखा चमकणारा. ऑगस्ट १९१६पासून, म्हणजे १९१७चं मॉडेल आलं तेव्हापासून, पितळ गेलं. त्या जागी काळ्या रंगाचं, गोलसर खांद्यांचं पत्र्याचं आवरण आलं आणि सपाट मडगार्डही वळणदार झाले. तुमच्या फोटोत रेडिएटर काळा आहे, वरची कड गोल आहे, मडगार्ड चाकावर कमानीसारखा वळलाय. ही गाडी १९१० साली अस्तित्वातच नव्हती.

पुढची हद्दही थोडीफार लागते. १९२३च्या मॉडेलपासून उघड्या मॉडेल टीची पुढची काच तिरकी झाली. तुमच्याकडची काच सरळ उभी आहे. म्हणजे गाडीचा जन्म १९१६च्या उत्तरार्धापासून १९२२च्या आसपासपर्यंत.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि 'फोटो १९१७चा' असं लिहून मोकळे होतात. गाडी कधी बनली आणि फोटो कधी निघाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार फक्त खालची हद्द घालून देते: याच्या आधीचा फोटो नाही. वरची हद्द ती देत नाही, कारण गाड्या दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं चालायच्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जायच्या, आणि जुन्या गाडीजवळही लोक तितक्याच ऐटीत उभे राहायचे. वरची हद्द माणसं देतात, कागद देतो, कधी नंबरप्लेट देते.

तर मग मुलाकडे वळू. तो पुढच्या चाकाजवळ, जवळजवळ चाकाच्याच रेषेत उभा आहे, हे तुमचं नशीब. मॉडेल टीची चाकं टायरसकट ३० इंच व्यासाची, म्हणजे सुमारे ७६ सेंटीमीटर. फोटोतच तुम्हाला फूटपट्टी मिळाली. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये चाकाची उभी उंची २१२ पिक्सेल भरते आणि मुलगा, टोपी सोडून, ३०५. गुणोत्तर १.४४, त्याला ७६ने गुणलं की मुलगा सुमारे ११० सेंटीमीटर उंच. बुटाच्या टाचेचा एखादा सेंटीमीटर सोडून द्या. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण एवढीच असते. त्या काळची मुलं थोडी बुटकी धरली तर सहा-सात. थोरला भाऊ १९०६चा, आणि गाडी ऑगस्ट १९१६च्या आधीची नाही. म्हणजे तो या फोटोत असता तर किमान दहा वर्षांचा असता, १३५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि त्याचं डोकं बॉनेटच्या बरंच वर गेलं असतं. हा मुलगा बॉनेटला जेमतेम पोचतोय. १९१५मध्ये पाच ते सात वर्षं मिळवा, फोटो १९२० ते १९२२मधला निघतो. ते गाडीशीही जुळतं.

हे माप घेताना एक पथ्य आहे: माणूस आणि चाक कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. मुलगा दोन पावलं पुढे उभा असता तर मोठा दिसला असता आणि सगळा हिशेब फसला असता. म्हणून पायांकडे बघायचं. त्याचे बूट आणि टायर जमिनीला टेकतात त्या जागा फोटोत जवळपास एका पातळीवर आहेत, म्हणून मी हे माप धरलं. गाडी तिरकी असल्यामुळे चाक लंबगोल दिसतं, पण उभा व्यास त्याने बदलत नाही. आडवा व्यास मोजायचाच नाही. लेन्समुळे फोटोच्या कडेला आकार किंचित ताणले जातात, म्हणून पाच-सात टक्क्यांची चूक गृहीत धरा. तेवढी चूक धरूनसुद्धा पाच वर्षांचा मुलगा दहा वर्षांचा होत नाही.

मग मागचं '१९१०' कुणी लिहिलं? घरातल्याच कुणीतरी, पण बऱ्याच वर्षांनी. मागच्या बाजूच्या स्कॅनमध्ये रेघ सगळीकडे एकसारख्या जाडीची आहे, वळणावर शाईचा बारीक गोळा साचलाय आणि कागद दबलाय. हे बॉलपेन आहे. बॉलपेन सर्रास मिळायला लागलं ते १९४५नंतर. फोटो खिडकीजवळ धरून तिरप्या उजेडात पुढून पाहा, त्या आकड्यांचा उठाव पुढेही दिसेल. लिहिणाऱ्याने आठवणीतून लिहिलं, आणि आठवण पाच-दहा वर्षं इकडेतिकडे सहज होते. टाक-शाईने किंवा पेन्सिलीने लिहिलेलं साल असतं तर मी त्याला जास्त वजन दिलं असतं. एक फसवणूक मात्र नेहमी होते: कॅमेऱ्याच्या दुकानातून प्रत पुन्हा काढून घेतली की मागे त्या नव्या प्रतीची तारीख किंवा कागदाच्या कंपनीचा छाप येतो. ती तारीख प्रतीची. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

पोस्टकार्डाची मागची बाजू हा आणखी एक साक्षीदार. १९०३ साली कोडॅकने पोस्टकार्डाच्याच आकाराची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा काढला, आणि लोक घरचे फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापून घेऊ लागले. त्या कागदावर तिकिटाच्या चौकटीत कंपनीचं नाव असे. अॅझो नावाचा कागद असेल तर चौकटीच्या कोपऱ्यांतले चिमुकले त्रिकोण बघायचे: चारही वर टोक केलेले असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. तुमच्या फोटोची नेमकी तीच जागा अल्बमच्या काळ्या कागदाखाली गेलीय. तो कागद नखाने किंवा पाण्याने काढायला जाऊ नका. त्रिकोण बघण्याच्या नादात फोटो फाटलेली उदाहरणं माझ्या टेबलावर आलेली आहेत. कागद उतरवणारा जाणकार भेटला तर ठीक, नाहीतर राहू दे.

दुसऱ्या कुणाकडे मॉडेल टी नसून वेगळीच गाडी असेल, तर कुठे बघायचं तेही सांगते, कारण मूळ पद्धत तीच राहते.

नाव शोधायचं तर आधी रेडिएटर आणि मग चाकाच्या मधोमध असलेली टोपी. लोक बॉनेटवरचं चिन्ह शोधत बसतात आणि ते नेमकं कुणाच्या तरी कोपराआड असतं. चाकाच्या टोपीवर कंपनीचं नाव उठवलेलं असे, आणि चांगल्या स्कॅनमध्ये ते वाचता येतं. रेडिएटरचा आकार तर सहीसारखाच: रोल्स-रॉइसचा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, पॅकार्डचा वर जुवासारखा वळलेला. जुन्या रेनॉल्टला समोर रेडिएटरच दिसत नाही, कारण तो इंजिनाच्या मागे असे आणि बॉनेट पुढे उतरतं होत जाई. रेडिएटरच्या झाकणावर उभी गोल काच दिसली तर ते बहुधा पाण्याचं तापमान दाखवणारं मोटोमीटर आहे, आणि मग फोटो १९१२च्या आधीचा नाही.

काळ लावायचा तर दिवे बघा. मोठे पितळी दिवे आणि पायरीवर नळकांड्यासारखा डबा असेल, तर ते दिवे कार्बाइडच्या गॅसवर चालणारे. त्या पितळी दिव्यांत कधीकधी फोटोग्राफर, त्याची तिकाटणी आणि मागे जमलेली गर्दी उलटी दिसते. मला ते बघायला आवडतं, साल लावायला त्याचा उपयोग शून्य. विजेचे दिवे १९१२पासून वाढत गेले. मॉडेल टीला ते १९१५च्या मॉडेलपासून आले. पुढच्या बाकाला दारंच नसतील तर गाडी साधारण १९११च्या आधीची. स्टिअरिंगचं चाक नसून नुसता दांडा असेल तर त्याहून जुनी, शतकाच्या अगदी सुरुवातीची. १९०१ ते १९०७मध्ये बनलेली ओल्ड्समोबिलची वळलेल्या पुढच्या पत्र्याची छोटी गाडी अशीच होती.

आणि पुढच्या चाकांच्या आत नीट बघा. तिथे मोठा गोल ड्रम दिसत असेल तर पुढेही ब्रेक आहेत, आणि सर्वसाधारण गाड्यांना पुढचे ब्रेक आले ते १९२४च्या आसपास. ही खूण मला फार आवडते, कारण मालकाला ती हौसेने बदलून घेणं सोपं नव्हतं. दिवे, भोंगा, टायर, रंग बदलायचे. ड्रम सहसा नाही. मॉडेल टीला मात्र ही खूण लागू नाही. तिला शेवटपर्यंत पुढे ब्रेक नव्हतेच. जाड, फुगीर टायर १९२३नंतरचे. बंद गाड्यांचं प्रमाण १९१९मध्ये अमेरिकेत दहात एक होतं, दहा वर्षांत ते उलटं झालं. त्यामुळे काचा असलेली बंद गाडी दिसली की आधी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धाचा विचार करायचा.

आणखी एक गोष्ट, ड्रायव्हरच्या बाजूची. अमेरिकेत बनलेल्या उघड्या मॉडेल टीला १९१२ ते १९२५ या काळात डावीकडे पुढचं दार दिसतं, पण ते खोटं असतं. पत्र्यावर दाराची नुसती रेघ उठवलेली, फट नाही, बिजागरी नाही. ड्रायव्हर उजवीकडच्या दाराने चढून सरकत यायचा. कॅनडात बनलेल्या गाडीला ते दार खरंखुरं उघडायचं. फोटो डावीकडून काढलेला असेल तर ती फट दिसते का बघा, गाडी कुठल्या कारखान्यातली ते कळायला मदत होते.

स्टिअरिंग चुकीच्या बाजूला वाटतंय म्हणून लगेच देश ठरवू नका. सुरुवातीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांना स्टिअरिंग उजवीकडेच असे. पिअर्स-अ‍ॅरोने तर १९२०पर्यंत ते तसंच ठेवलं. शिवाय निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की सगळंच डाव्याचं उजवं होतं. पत्र्यावरचे जुने टिनटाइप फोटो तर मुळातच उलटे असतात. नंबरप्लेट, दुकानाची पाटी, पुरुषांच्या कोटाची बटणपट्टी बघून खात्री करायची. पुरुषांच्या कोटाचा डावा पदर वर असतो.

आता गाडी कुणाची?

इथे मी थोडी कठोर आहे. मोटारीजवळचा फोटो म्हणजे मोटारीची मालकी नव्हे. त्या काळात गाडी हीच बघण्याची गोष्ट होती. गावातल्या डॉक्टरची, नोकरी देणाऱ्या मालकाची, भाड्याची, विक्रेत्याच्या दारात उभी असलेली, लग्नाला आलेल्या पाहुण्यांची, कुठलीही गाडी चालायची. स्टुडिओंत तर प्लायवूडच्या आणि पुठ्ठ्याच्या मोटारी ठेवलेल्या असत, मागे रंगवलेला रस्ता, पुढे घरची मंडळी बसलेली. त्या ओळखायच्या तर चाकाखाली बघा: चाकाला जाडी नसते, सावली जमिनीवर पडत नाही, दिव्यातली चमक रंगवलेली असते. जत्रेतल्या स्टुडिओची एकच पुठ्ठ्याची गाडी वेगवेगळ्या घरांच्या अल्बमांत सापडते, आणि प्रत्येक घरात ती 'आमची'च असते. तुमच्या फोटोत सावली खरी आहे, टायरला चिखल आहे. गाडी खरी, एवढं नक्की.

स्टिअरिंगमागे बसलेला माणूस मालकच असतो असंही नाही, आणि त्याला चालवता येत होतं असंही नाही. फोटोसाठी लहान मुलांनासुद्धा तिथे बसवत. पणजोबांचे दोन्ही हात चाकाच्या अगदी वर आहेत आणि नजर थेट कॅमेऱ्यात. ही पोझ आहे, यातून काही काढू नका. मला त्यांच्यापेक्षा फोटोच्या डाव्या कडेला अर्धवट कापला गेलेला माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो: गुडघ्याखाली चामडी पट्ट्या, दोन ओळी बटणांचा कोट, हातात टोपी. तो ड्रायव्हर असू शकतो. पगारी ड्रायव्हर असेल तर गाडी एखाद्या श्रीमंताची किंवा भाड्याची असण्याची शक्यता वाढते. मॉडेल टी मुळात मालकाने स्वतः चालवायची, खिशाला परवडणारी गाडी. तिला ड्रायव्हर ठेवलेला दिसला की मी आधी भाड्याच्या गाडीचा विचार करते. पण हा अंदाजच.

पुरावा हवा असेल तर नंबरप्लेट. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४पासून गाडीला नोंदणीचा नंबर लागला, आणि तिथे नंबर गाडीबरोबरच राहिला. सुरुवातीची अक्षरं कुठल्या काउंटीत किंवा शहरात नोंद झाली ते सांगतात. अमेरिकेत १९०३ साली मॅसॅच्युसेट्सने राज्यातर्फे प्लेटा द्यायला सुरुवात केली. पुढे अनेक राज्यांत दरवर्षी नवी प्लेट मिळे आणि तिच्यावर सालच छापलेलं असे. तसं झालं तर वर सांगितलेल्या सगळ्या कसरती सोडून द्या, साल समोरच आहे. नोंदणीच्या वह्या-रजिस्टरं काही ठिकाणी अभिलेखागारांत टिकून आहेत, त्यांत नंबरापुढे मालकाचं नाव मिळतं. तुमच्या फोटोत प्लेटचा डावा अर्धा मुलाच्या खांद्याआड गेलाय, शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतात. त्यावरून मालक सापडणार नाही. पण तीच प्लेट घरातल्या दुसऱ्या फोटोत दिसली, वेगळ्या ऋतूत, वेगळ्या कपड्यांत, तर गाडी घरची असण्याची बाजू एकदम भक्कम होते. एका भाड्याच्या गाडीजवळ कुणी दोन वर्षांत तीनदा फोटो काढत नाही. चुलत घरांतले अल्बमही मागवा. विम्याची पावती, चालक परवाना, पेट्रोलची बिलं जुन्या कागदांत असली तर ती फोटोपेक्षा जास्त बोलतील.

राहिला एआयचा प्रश्न. फोटो 'स्वच्छ' करणारी ही साधनं जे दिसत नाही ते कल्पनेने भरतात. चेहऱ्यावर ते खपून जातं, पण चाकाच्या टोपीवरची अक्षरं, प्लेटवरचे अर्धे आकडे, रेडिएटरची कड इथे ती बिनधास्त खोटं रचतात. ८चा ३ होतो आणि तुम्ही भलताच मालक शोधत बसता. तुम्ही पाठवलेल्या दोन फायलींपैकी 'सुधारलेल्या' फाइलमध्ये काळ्या रेडिएटरला चमकदार कड आलीय. मूळ फाइल नसती तर मी ही गाडी पितळी काळातली समजले असते.

रंगांचं तर बोलायलाच नको. त्या काळच्या साध्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल गोष्ट फोटोत काळी येई आणि निळी फिकट. त्यामुळे काळी दिसणारी गाडी गडद लाल असू शकते आणि पणजींची पांढरी दिसणारी साडी आकाशी. मॉडेल टीचं त्यातल्या त्यात सोपं आहे, १९१४ ते १९२५ ती फक्त काळ्या रंगात मिळायची. गाडी काळी रंगवा, चुकणार नाही. कपड्यांचे रंग कुणालाच काढता येणार नाहीत, घरात ते कपडे किंवा त्यांची आठवण उरली असेल तर गोष्ट वेगळी. रंगवलेली प्रत भिंतीवर लावा, खुशाल लावा, पण फाइलच्या नावातच 'रंगवलेली' असं लिहा, म्हणजे पुढची पिढी तिला मूळ समजणार नाही.

आधी करायचं ते हे: फोटो पुढून आणि मागून दोन्हीकडून स्कॅन करा, कडा न कापता, १२०० डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये, स्कॅनरचं आपोआप सुधारणारं बटण बंद करून. तुम्ही पाठवलेलं स्कॅन मला गाडी ओळखायला पुरलं, पण चाकाच्या टोपीवरची अक्षरं त्यात फुटतात. फोटो लॅमिनेट करू नका, चिकट पानांच्या अल्बमात ठेवू नका.

मागच्या '१९१०'वर काट मारू नका, ते कुणाचं तरी हस्ताक्षर आहे. ते कुणाचं हे घरात विचारून ठेवा, कारण ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आणखी फोटोंवरही असंच लिहिलेलं असणार, आणि तीही सालं तपासावी लागतील. फोटोच्या मागे जागा असली तरी नवं काही पेनाने लिहू नका. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने एवढंच लिहा: 'फोर्ड मॉडेल टी, १९१६ ते १९२२मधली. मुलाच्या उंचीवरून फोटो अंदाजे १९२०–२२. गाडीची मालकी अजून ठरलेली नाही.' आणि कापला गेलेला तो पट्ट्या बांधलेला माणूस कोण, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. गाडीबद्दल विचारलं की सगळे 'आपलीच होती' म्हणतात. ड्रायव्हरबद्दल विचारलं की खरी माहिती बाहेर येते.